दांडीच्या लग्नाला सिनेमाचा रंग

काळजी करणं हा माझा जुना धंदा. माहेर शिरगावचं. घरची वाडी, चिकू-केळी, चार भावंडं, कशालाच तोटा नव्हता. तरी वडिलांना पालघरच्या बाजारातून यायला एक एसटी उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी. "हिला काळजी करायचा पगार मिळतो," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही सुधारेल, कारण नवरा कारखान्यात होता आणि त्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच त्याने ती नोकरी सोडली आणि व्हिडिओ कॅमेरा घेतला.

तो शूटिंग करायचा आणि घरी आणलेल्या कॅसेटी मी कापून जोडायची. या कामाला तेव्हा सगळे मिक्सिंग म्हणत. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. स्टेशनच्या पश्चिमेला आमच्या दोन खोल्या, आणि मागच्या खोलीत जिथे इतर बायकांचे धान्याचे डबे असतात तिथे माझे दोन व्हीसीआर, एक टीव्ही, आणि पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एक कॉम्प्युटर. नवरा मांडवात मिरवायचा. मान त्याला, जेवण त्याला, टोपी-नारळ त्याला. मी एकाही नवरीला मांडवात प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, पण तिच्या आत्याने किती लाडू खाल्ले ते मला अचूक ठाऊक असायचं.

त्या वर्षांत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य बोलायचं: "पिक्चरसारखं करा." करा म्हणजे काय करा? कुणी म्हणे गाणी टाका, कुणी म्हणे बदामाच्या आकारात नवरा-नवरी आणा. ते सगळं करूनही लग्न पिक्चरसारखं दिसत नसे, आणि का दिसत नाही ते मला कळत नसे. मी चिडायची. शेवटी मुंबईला कॉम्प्युटरचं सामान आणायला गेले असताना दुकानातल्या एका मुलाने मला कागदावर रेघा मारून समजावलं. व्हिडिओ कॅमेरा पुरं चित्र एका वेळी काढतच नाही. आधी तो एक, तीन, पाच अशा एकाआड एक ओळी टिपतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उरलेल्या दोन, चार, सहा. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. टीव्ही ती तशीच मागोमाग दाखवतो आणि आपला डोळा ती जुळवून घेतो. म्हणून व्हिडिओतली हालचाल फार सरळ, फार खरी दिसते. नवरी मांडवात शिरते ती बातम्यांत पाहुणे उद्घाटनाला यावेत तशी. सिनेमात सेकंदाला चोवीसच चित्रं, पण पुरी. हालचाल जरा अडखळते, आणि त्या अडखळण्यालाच आपण पिक्चर म्हणतो.

मग मी त्या अडखळण्याच्या मागे लागले. उपाय दोन होते. एक म्हणजे अर्ध्या ओळी फेकून द्यायच्या आणि उरलेल्या अर्ध्यांतून चित्र उभं करायचं. त्यात चेहरा स्वच्छ राहायचा, पण साडीचे काठ करवतीसारखे दिसायचे. दुसरा म्हणजे दोन्ही अर्धी चित्रं एकमेकांत मिसळून एक करायचं. ते मऊ दिसायचं. मला मऊ आवडलं. त्यात एक खोट होती: माणूस हलला असेल तर दोन अर्धी जुळत नाहीत, आणि हाताशेजारी फिकट दुसरा हात दिसतो. नवऱ्याने ती लगेच पकडली. "अगं, याला चार हात आलेत." मी म्हटलं, "चालू द्या, थांबवून कोण बघतंय?" त्यावर मी रंग थोडे उतरवायची, काळं जास्त काळं करायची, गोऱ्या-सावळ्या सगळ्यांनाच जरा तांबूस झाक द्यायची, आणि शेवटी वर आणि खाली एकेक काळी पट्टी टाकायची, म्हणजे टीव्हीवर थिएटरचा लांबट पडदा होई. आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लग्न मावत नसे. पंधरा मिनिटं आत घ्यायची, दिवसभर शिजू द्यायची, कॅसेटवर उतरवायची, आतलं पुसायचं, पुढची पंधरा. एक लग्न दोन आठवडे चालायचं आणि मध्ये वीज गेली की त्या दिवसाचं सगळं पहिल्यापासून. तरी मला त्यात जो आनंद मिळाला तो, खोटं कशाला सांगू, पहिल्या मुलाच्या बारशालाही मिळाला नव्हता.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मूळ कॅसेटी आम्ही ठेवत नसू. आमच्याकडचे कुणीच ठेवत नसत. मिक्सिंग झालेली कॅसेट गिऱ्हाइकाने नेली, महिनाभर तक्रार आली नाही, की मूळ कॅसेटीवरची चिठ्ठी खरवडून नवी लावायची आणि पुढच्या लग्नाला तीच वापरायची. एकेका कॅसेटवर चार-पाच लग्नं एकावर एक निजलेली असत. तयार कॅसेटची एक प्रत तेवढी मी कपाटात ठेवायची. कुणी कधी मूळ मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

दांडीचं लग्न होळीनंतरचं. मुलगी मच्छीमाराची, बारावी झालेली, तिने स्वतः येऊन सांगितलं की मला पिक्चरसारखंच पाहिजे, नाहीतर नको. मी पुरी ताकद लावली. समुद्राकडून येणारा उजेड, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, मांडवात लग्नाचे धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या बायका, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मुलीचा भाऊ. हा भाऊ गुजरातेत एका मोठ्या बोटीवर खलाशी होता आणि लग्नापुरता चार दिवस आलेला. चार दिवसांत तो बहुधा झोपला नसावा. हळदीत नाचला, वरातीत नाचला, पंगत वाढताना नाचला. जिथे जिथे नवऱ्याने कॅमेरा वळवला तिथे तिथे हा हात वर करून हजर. एका ठिकाणी तो बहिणीच्या सासऱ्याच्या डोक्यावरची टोपी घालून नाचतोय आणि सासरा टोपी शोधतोय. मी एकटीच मागच्या खोलीत बसून हसले. त्याच्या नाचण्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, एवढी की कॅसेट गेल्यावर आठ दिवसांनी दांडीहून निरोप आला, अख्ख्या आळीने तीनदा पाहिली, पोरगा हिरो दिसतो. मी तो निरोप शेजारच्या दोन बायकांना ऐकवला, आणि मग तिसरीला.

मे महिना संपत आला आणि वारं सुटलं. बोईसरला फक्त पत्रे उडाले, पण तिकडे गुजरातेच्या किनाऱ्याला वादळाने बोटी उलथल्या असं दुसऱ्या दिवशी कळलं. ऐकून मला वाईट वाटलं, आणि मी भाजी निवडायला घेतली. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास नवरीचे वडील आमच्या दारात उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत मुलीच्या लग्नाची कॅसेट. मी आधी त्यांना ओळखलं नाही, कारण मी त्यांना पाहिलं होतं ते फेटा घालून हसताना.

"बाय, पोराचा फोटो पायजे," ते म्हणाले. "ह्याच्यातून निगंल का?"

बोट बुडाली होती. काही खलाशी दुसऱ्या बोटींनी उचलले होते आणि ज्या बोटीला जे बंदर जवळ तिथे नेऊन उतरवले होते. कुणी दवाखान्यात होते, कुणी बोलत नव्हते, काहींना पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. कोण कुठे, कुणाला पत्ता नाही. त्यांना तिकडे जाऊन बंदरोबंदर दाखवायला फोटो हवा होता. आणि मुलाचा एकही फोटो घरात नव्हता. मतदानाच्या ओळखपत्राचे फोटो काढायला गावात माणसं आली तेव्हा तो समुद्रात. लग्नाच्या फोटोंत म्हणाल तर फोटोवाल्याने रांग लावली की हा दुसऱ्याला पुढे ढकलून बँडकडे पळालेला.

"दुपारची गाडी हाय पालघरवरना," ते म्हणाले. "तिकडली मानसं आपली भाषा बोलत नाय. फोटो दाखवला तर समजंल."

"काका, बसा तुम्ही," मी म्हटलं. "मूळ कॅसेट आहे आपल्याकडे. स्वच्छ चेहरा काढून देते. अजिबात काळजी करू नका."

काळजी करू नका हे मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी असं सांगितलं, आणि कॅसेटींच्या फळीकडे वळले. मूळ कॅसेट होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात नवी चिठ्ठी होती: वाढदिवस, कुंभवली. कारखान्यातल्या एका साहेबाच्या मुलाचा पाचवा वाढदिवस. नवऱ्याने महिन्याभरापूर्वी विचारलं होतं, "दांडीची वापरू का गं?" आणि मी गॅसवरचं दूध बघता बघता म्हटलं होतं, "वापरा की."

तरी मी ती लावून पाहिली, उगाच, काही उरलंय का म्हणून. फुगे, केक, शंकूच्या टोप्या घातलेली पोरं. दांडीचं लग्न त्या फुग्यांच्या खाली गेलं होतं. बाहेरच्या खोलीतून काकांनी विचारलं, "गावला काय?" मी म्हटलं, "थोडा वेळ लागेल." खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. नवऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, आणि कपाट उघडलं.

आता उरली माझी ती मऊ, तांबूस, पिक्चरसारखी कॅसेट. कपाटातली प्रत काढून लावली आणि आम्ही दोघं चित्र थांबवून थांबवून बघू लागलो. मी म्हटलं होतं ना, थांबवून कोण बघतंय? आम्हीच बघत होतो. पहिल्याच नाचात मुलाला दोन नाकं. पुढे सरकवलं, तर डोळे चार, आणि त्या चारांतला एकही नीट नाही. कॉम्प्युटरमध्ये घेऊन एकेक चित्र वेगळं करून पाहिलं. पण मिसळलेलं परत वेगळं होत नाही. चहातून दूध कोण काढणार. मूळ कॅसेट असती तर अर्ध्या ओळी फेकून देऊन, नाचतानाचाही, घामाच्या थेंबासकट चेहरा निघाला असता. तो पहिला उपाय मला येत होता. करवतीसारखे काठ मला आवडले नव्हते एवढंच.

म्हणजे तो जिथे उभा आहे, हलत नाही, असं एखादं चित्र हवं होतं. हलला नसेल तर दोन्ही अर्धी एकावर एक नीट बसतात आणि चेहरा शाबूत राहतो. आम्ही हळद धुंडाळली. नाच. मांडव धुंडाळला. नाच. पंगतीत तो थांबला होता, पण पाठमोरा. सप्तपदीच्या वेळी बसला होता, तर समोर कुणाचा तरी खांदा. मी त्या मुलावर चिडले. पाण्यात कुठे आहे ठाऊक नाही अशा माणसावर मी मागच्या खोलीत बसून चिडले, की मेल्या, एक क्षणभर तर उभा राहा. आणि मग माझं मलाच रडू आलं.

साडेअकराला वीज गेली. वीज आमच्याच इथल्या अणुवीज केंद्रात तयार होते आणि आमच्याकडचीच जाते, हा बोईसरचा जुना विनोद. त्या दिवशी कुणी तो केला असता तर मी त्याला मारलं असतं. बाहेर काका चहाचा कप तसाच धरून बसले होते. चहावर साय आली होती. "तो शिरला का पाण्यात, तर लय वेळ ऱ्हातो," ते एकदम म्हणाले, "पवायला पक्का हाय." मी मान हलवली. त्यांच्यासमोर बसून राहणं मला जमेना आणि उठून जाणंही जमेना. वीज बाराला पाच कमी असताना आली.

सापडलं ते अगदी शेवटी. नवरी निघते तिथे. बँड थांबलाय, मुलगी रडत रडत गाडीत बसतेय, आणि हा मुलगा गाडीपासून चार हातांवर उभा. त्याच्या खांद्यावर दुसऱ्या एका उंच माणसाचा हात आहे. त्या सबंध दिवसात हा पहिल्यांदाच नाचत नव्हता. दोन सेकंद, त्याहून थोडं जास्तच, तो स्तब्ध उभा होता आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. मी चित्र थांबवलं. एकच नाक, दोन डोळे, डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा. माझ्या तोंडून "सापडला!" असं मोठ्याने निघालं आणि बाहेरून काका धावत आले, त्यांना वाटलं मुलगाच सापडला.

शेजारचा उंच माणूस छातीपासून ओठांपर्यंतच दिसत होता. त्याच्या वर माझी काळी पट्टी होती. आपल्या माणसावर पट्टी आली नाही, देवाने राखलं, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं. मुलाच्या खांद्यावरचा त्या माणसाचा हात बाजूला काढून मी फक्त मुलाचा चेहरा मोठा केला. नवऱ्याने खिडकीला सतरंजी लावून खोली काळोखी केली, फोटोचा कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, कॉम्प्युटरच्या पडद्याचेच फोटो काढले, आणि काकांना स्कूटरवर मागे बसवून तो पालघरला लॅबवर गेला. प्रती ओल्या असतानाच काकांनी गाडी पकडली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. जेवण जाईना. कुणी दार वाजवलं की मी हातातलं टाकून धावायची. नवरा म्हणायचा, "तू तुझं काम केलंस." मी म्हणायची, "मी माझं काम केलं म्हणूनच तर." रोज सकाळी फळीवरची ती वाढदिवसाची कॅसेट दिसायची. शेवटी मी ती फळीवरून काढून कपाटाच्या मागे टाकली.

नवव्या दिवशी खालच्या किराणा दुकानात फोन आला. मुलगा जिवंत होता. एका लहानशा गावच्या दवाखान्यात होता, अंगावर फोड, ताप, बोलत नव्हता, नाव सांगत नव्हता. काकांनी बंदरातल्या चहाच्या टपरीवर एक प्रत चिकटवली होती. दवाखान्यात झाडू मारणारा एक माणूस तिथे चहा प्यायला आला आणि त्याने भुवईवरचा व्रण ओळखला. ते ऐकून मी दुकानातच, गव्हाच्या पोत्यावर बसले आणि हुंदके देऊन रडले. दुकानदार बिचारा घाबरून पाणी घेऊन आला.

दांडीने मला डोक्यावर घेतलं. पाटीभर पापलेटं आली, कोलंबी आली, मुलाची आई माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी मागे सरकून भिंतीला धडकले. "ह्या बायनी पोर काढून दिला," काका ज्याला त्याला सांगायचे. मूळ कॅसेट पुसल्याचं मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. मनाला म्हटलं, शेवट गोड झालाय, आता कशाला. पापलेट तळून खाल्लं. चविष्ट होतं, हेही कबूल करते.

श्रावणात मुलगा स्वतः आला. काठी टेकत, अर्धा झालेला. त्याच्यासोबत एक बाई होती, जव्हारकडच्या डोंगरातली, लुगडं गुडघ्यापर्यंत, पायात काही नाही. वय सांगता येत नव्हतं. माझ्यापेक्षा फार मोठी नसावीही. ती दाराशीच बसली.

"ताई, ही माज्या दोस्ताची आई," मुलगा म्हणाला. "बोटीवर संगती होता. लग्नाला मीच आनलेला त्याला."

डोंगरात पाऊसपाण्याची थोडकी जमीन, भात कापून झालं की तो बोटीवर जायचा. वादळात दोघं एकाच रिकाम्या कॅनला धरून होते. सकाळ झाली तेव्हा कॅनला हा एकटाच होता. एवढंच मुलाने सांगितलं आणि मीही पुढे विचारलं नाही. आता तो गेल्याचं कुठे नोंदवायचं तर हापिसात फोटो मागत होते. बोटीच्या मालकाकडे नव्हता. घरी तर नाहीच. मुलगा मोठ्या विश्वासाने म्हणाला, "माजा काडलात ना, तसा त्याचा बी काडा. तो लय ठिकानी हाय. माज्या बाजूलाच."

मला कळलं कोण ते. नावही ठाऊक नव्हतं, पण मला तो पाठ होता. मे महिन्यातल्या त्या सकाळी मी त्याला शंभर वेळा पाहून पुढे सरकवला होता. मुलाच्या मागे नाचणारा, सगळ्यांपेक्षा हातभर उंच.

तरी मी कॅसेट लावली. कदाचित, म्हटलं, एखादं चित्र असेल. नवरा घरी नव्हता. मुलगा खुर्चीवर, ती बाई जमिनीवर, आणि मी एकेक चित्र पुढे ढकलतेय. जिथे तो लांब होता आणि सबंध मावत होता, तिथे तो नाचत होता, आणि त्याच्या चेहऱ्याचं माझ्या मऊपणाने पीठ झालं होतं. जिथे जवळ होता तिथे त्याचं डोकं वरच्या पट्टीत. असं तीन तास. शेवटी नवरी निघते ते चित्र आलं आणि मी थांबवलं. मुलगा नीट, व्रणासकट. त्याच्या खांद्यावर तो हात, अंगठ्यात वाकडी अंगठी, वर गळा, हनुवटी, ओठ. त्याच्या वर काळं.

"हाच," ती बाई म्हणाली. उठली, टीव्हीपाशी गेली आणि त्या काळ्या पट्टीवर बोट फिरवू लागली, धूळ पुसावी तसं. "तोंड कंदी येल?"

"येणार नाही," मी म्हटलं. "एवढंच आहे."

तिने पट्टीवरून बोट काढलं. मग माझ्याकडे वळली आणि मला ओरडेल, रडेल असं वाटून मी अंग चोरलं. पण ती हसली. थोडंसं, अभिमानानेच म्हणावं लागेल.

"माजा पोर लांबच लांब होता," ती म्हणाली. "तुमचे पेटीत नाय मावला."

मुलगा रडायला लागला. मी तिला चहा दिला, तो तिने बशीत ओतून प्यायला, आणि जव्हारची एसटी किती वाजता ते विचारलं. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. अर्धा तास आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. खरं सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. तो मावला होता. माझ्या नवऱ्याने त्याला केसांपासून पायांपर्यंत पुरता मावेल असा घेतला होता. मूळ कॅसेटवर तो महिनाभर आमच्या घरात पुरा होता. त्याला कापला मी, आणि पुसलाही मीच. गाडी लागली, ती चढली, खिडकीतून तिने मला हात केला. मीही केला.